तबकडीचे भवितव्य आणि नेवाशाची पोथी



घरातील करमणुकीसाठी निघालेल्या मोठ्या क्षमतेच्या तबकड्यांचे पुढे काय होणार, हा विषय इतिहासाच्या व्यासपीठावर कसा आला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. भविष्य सांगणे हे ज्योतिष्याचे काम, इतिहासाच्या अभ्यासकाचे नव्हे. परंतु प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या तबकडीला बाजारात येऊन अजून फार काळ झालेला नाही. इतक्या अल्पवयी वस्तूचे भवितव्य अजमावायचे, तर तिच्या पूर्वी याच कामाला लागलेल्या साधनांची काय गत झाली, हे पाहण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. तसे पाहू लागले की आपला हा नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, फार उपयोगी पडतो.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेकाठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपले भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. ज्या दगडी खांबाला टेकून हे निरूपण झाले असे परंपरा मानते, तो खांब नेवाशास आजही आपण पाहू शकतो. सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी मात्र आज उपलब्ध नाही. असे असूनही ग्रंथ घरोघर वाचला जातो. याचे कारण उघड आहे. पोथी जीर्ण होण्यापूर्वी कोणी तरी तिची नक्कल करून घेतली, त्या नकलेवरून दुसऱ्याने केली, आणि हा क्रम खंडित झाला नाही. नकलांबरोबर पाठभेद शिरले, अशुद्धे शिरली, हेही खरे. म्हणून शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. पुढे १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. मधली साडेपाचशे वर्षे हा ग्रंथ केवळ नकलकारांच्या बोटांवर जगला. यावरून एक नियम हाती लागतो, आणि माझ्या सर्व विवेचनाचा आधार तोच आहे: मजकुराचे आयुष्य साधनाच्या टणकपणावर ठरत नाही, ते नक्कल करणाऱ्यांच्या जागरूकतेवर ठरते.

आता याच विषयाचे दुसरे रूप पाहा. १९४० साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत ज्ञानेश्वर' हा बोलपट काढला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे होते, आणि ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे नगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात १९१८ साली जन्मलेले. नेवाशाच्या महापुरुषाचे दर्शन पडद्यावर नगरच्याच तरुणाने घडवावे, ही गोष्ट या जिल्ह्याला अभिमानाची आहे. परंतु त्या काळी चित्रपट ज्या फितीवर छापला जाई ती नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही, आणि आग न लागली तरी काळाने चिकट होऊन कुजणारी. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज सापडत नाही. चित्रपट जतन करण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तरी ८ जानेवारी २००३ रोजी तेथील नायट्रेटच्या फितींना आग लागून मोलाचा ठेवा भस्मसात झाला. ज्या चित्रपटांच्या नकला दुसरीकडे होत्या तेवढे वाचले. 'संत ज्ञानेश्वर' अशा वाचलेल्यांपैकी आहे, आणि पुढे प्रभातचे चित्रपट तबकड्यांवर निघून लोकांच्या घरात पोचले.

घरात पोचणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पोथीची नक्कल ज्याला अक्षर येते तो करू शकत असे. चित्रपटाची फीत सामान्य माणसाच्या हाती येणेच शक्य नव्हते. तो पाहायचा तर टॉकीजमध्ये जावे लागे. ग्रामोफोनच्या तबकडीने गाणे घरात आणले खरे, पण ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. गवयाला रागाचा विस्तार आवरावा लागे, आणि नाटकाचा प्रवेश तर मावतच नसे. अधिक मावावे ही तळमळ तेव्हापासूनची आहे. प्रकाशाची तबकडी हे तिचे फळ.

या तबकडीची रीत थोडक्यात सांगतो. तिच्यावर मध्यापासून काठाकडे जाणारी एकच सर्पिल वाट असते आणि त्या वाटेवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात. लेसरचा किरण त्यांवर पडून परत येतो. खड्ड्यावरून आणि सपाट जागेवरून परतणारा प्रकाश सारखा नसतो. या फरकातून यंत्र एक आणि शून्य हे दोनच अंक वाचते आणि त्यांतून सूर, रंग व हालचाल पुन्हा जुळवते. सुई नाही, म्हणून झीज नाही. १९८२ साली जपानात विक्रीस आलेल्या सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा होता आणि वाटेच्या दोन वेढ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर होते. जाड बोरूने बारीक अक्षर निघत नाही, तसेच लांब लहरींच्या किरणाने बारीक खड्डे वाचता येत नाहीत. १९९६ साली आलेल्या डीव्हीडीत लहर ६५० नॅनोमीटरची झाली आणि अंतर ०.७४ मायक्रोमीटरवर आले. २००६ साली आलेल्या ब्लू-रे तबकडीत ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा किरण वापरला आणि अंतर ०.३२ मायक्रोमीटर राहिले. तबकडी तेवढीच, बारा सेंटिमीटर व्यासाची. पण सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावू लागले. दोन थरांची ब्लू-रे ५० ची, तीन थरांची १०० ची.

हे आकडे ऐकून मनात चित्र उभे राहत नसेल, तर नेवाशाचेच माप घेऊ. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या संगणकाच्या लिपीत ढोबळ मानाने दोन मेगाबाइटांत बसतात. म्हणजे एका सीडीत ज्ञानेश्वरीच्या साडेतीनशे प्रती, आणि एका थराच्या ब्लू-रेमध्ये साडेबारा हजार. २०२४ साली शांघायच्या संशोधकांनी शंभर थरांत मजकूर साठवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या मते एका तबकडीत २०० टेराबाइटांपर्यंत, म्हणजे आठ हजार ब्लू-रेंइतके, मावू शकेल. तेव्हा क्षमता वाढेल की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती घरातल्या माणसाच्या हाती येईल का, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर गेल्या वीस वर्षांच्या इतिहासात आहे. २००६ साली ब्लू-रेच्या जोडीला एचडी डीव्हीडी नावाची दुसरी तबकडी बाजारात उतरली. ती धरणारी तोशिबा कंपनी आणि ब्लू-रे धरणारी सोनी यांत झुंज झाली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या चित्रसंस्थेने ब्लू-रेची बाजू घेतली आणि पुढच्याच महिन्यात तोशिबाने हार मानली. हरलेल्या तबकडीत दोष नव्हता. तिच्यावरचे चित्र उत्तमच दिसे. पण तिची यंत्रे निघायची बंद झाली, आणि ज्यांनी ती घेतली होती त्यांच्याजवळ सुंदर पण अनाथ वस्तू उरली.

आपल्या देशातली कथा निराळी आहे. येथे महाग ब्लू-रे कधी रुळलीच नाही. येथे राज्य केले ते व्हीसीडीने. तिच्या एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटे मावत, म्हणून एका चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागत आणि ऐन रंगात उठून तबकडी बदलावी लागे. तरी ती स्वस्त होती. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ साली व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला, तेव्हा चित्रपट विकत घेऊन घरात ठेवणे मजुरी करणाऱ्यालाही परवडू लागले. शिर्डी आणि शनिशिंगणापूर येथील बाजारांत आरत्यांच्या कॅसेटींची जागा सीडीने घेतली. कीर्तने, भारुडे, तमाशातील वग हे सारे तबकडीवर निघू लागले. टॉकीज नसलेल्या गावातही माणसाला वाटेल तेव्हा वाटेल ते पाहता आले. हे फार मोठे परिवर्तन होते, आणि ते दहा-बारा वर्षांत मावळले. २०१६ साली जिओ कंपनीचे मोबाइल जाळे सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले आणि करमणूक हातातल्या फोनवर आली. २०१७ साली मोझर बेअरवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि २०१८ साली ती अवसायनात निघाली. परदेशांतही सॅमसंगने २०१९ साली नवी ब्लू-रे यंत्रे काढणे थांबवले, एलजीने २०२४ साली. आणि कोऱ्या, घरी भरता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले.

यावरून तबकडी संपली असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. रसिक संग्राहकांसाठी ती निघत राहील, कारण तिच्यावरचे चित्र आणि ध्वनी इंटरनेटवरून येणाऱ्यापेक्षा आजही सरस असतात. मोठी संग्रहालये दीर्घकाळ टिकणारी साधने शोधतच आहेत. त्यांत तबकडीला किंवा काचेच्या तुकड्याला स्थान मिळेल. पण घराघरातली रोजची वस्तू म्हणून तिचे दिवस भरले, हे मान्य केले पाहिजे.

मान्य करताना आपण काय गमावतो, तेही नीट समजून घेतले पाहिजे. विकत घेतलेली तबकडी माझी असते. ती मी शेजाऱ्याला देऊ शकतो, मुलीच्या सासरी पाठवू शकतो. फोनवर दिसणारा चित्रपट माझा नसतो. कंपनीचा करार संपला की तो एके दिवशी यादीतून नाहीसा होतो आणि मी पैसे भरत असलो तरी मला विचारले जात नाही. मालक होतो तो भाडेकरू झालो, असा हा व्यवहार आहे. कोणी म्हणेल, सगळे इंटरनेटवर सुखरूप असताना कपाटे कशाला भरायची? परंतु इंटरनेटवर म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर. त्याला नफा वाटेल तोवर ते तेथे राहील. गाजलेले चित्रपट त्यामुळे राहतीलही. ज्याला गिऱ्हाईक थोडे, त्याचे काय?

येथे आपल्या जिल्ह्याचा प्रश्न उभा राहतो. 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटाची काळजी वाहणारे पुण्यास आहेत. पण संगमनेरच्या कांताबाई सातारकर २०२१ साली गेल्या; त्यांच्या पिढीच्या तमाशा कलावंतांचा जो खेळ कोणी कॅसेटवर वा व्हीसीडीवर उतरवला असेल, त्याची काळजी कोण वाहणार? गावच्या सप्ताहात झालेली कीर्तने, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीचा आवाज, लग्नाच्या चित्रणात सहज सापडलेले घरातले वडीलधारे आणि आता पाडलेला वाडा, हे सारे घरी भरलेल्या तबकड्यांवर लोखंडी कपाटांत पडून आहे. घरी भरलेल्या तबकडीत खड्डे नसतात. बहुतेक तबकड्यांत रंगद्रव्याचा एक थर असतो, आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनी तो फिका पडतो. आपल्याकडचा उन्हाळा तिला मानवणारा नाही. तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र दुकानात मिळेनासे होत आहे, आणि नव्या संगणकांना तबकडीची खाच बहुधा नसतेच. पोथीला हे संकट नव्हते. डोळे आणि अक्षरओळख असली की ती वाचता येई. तबकडीला मध्यस्थ लागतो, आणि तो मध्यस्थ आता निरोप घेत आहे.

तेव्हा कर्तव्य सरळ आहे. आपल्या घरातल्या तबकड्या या उन्हाळ्यातच बाहेर काढाव्यात. आपण स्वतः केलेल्या चित्रणांच्या नकला दोन-तीन निरनिराळ्या साधनांवर, निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल, हे कागदावर लिहून सोबत ठेवावे, नाही तर पन्नास वर्षांनी चेहरे उरतील आणि नावे जातील. कलावंतांच्या व प्रकाशकांच्या तबकड्यांबाबत हक्कदारांची संमती घ्यावी. आणि प्रत्येक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने एक चालू स्थितीतले यंत्र आणि ते चालवू शकणारा एक माणूस राखावा. याला फार पैसा लागत नाही. पण आज होईल ते दहा वर्षांनी होणार नाही.

एकनाथांनी प्रती जमवल्या तेव्हा नेवाशाच्या निरूपणाला तीनशे वर्षे होत आली होती, आणि तरी त्यांना ताडून पाहायला प्रती मिळाल्या, कारण मधल्या पिढ्यांनी आपले काम केले होते. आपल्या पाठीमागून येणाऱ्याला ताडून पाहण्यास काही मिळेल की नाही, हे आपल्या कपाटांवर अवलंबून आहे. ती उघडण्याची विनंती करून मी आपला निरोप घेतो.