मुख्य धारवा टोपी

अंतर्ज्वलन एंजिनाचा भुजादंड ज्या धारव्यांत फिरतो, त्यांना मुख्य धारवे म्हणतात. मोटारगाडीच्या बहुसिलिंडरी एंजिनात प्रत्येक मुख्य धारव्याची वरची अर्धी खोबण सिलिंडर ठोकळ्यातच असते, तर खालचा अर्धा भाग म्हणजे बोल्टांनी आवळलेली स्वतंत्र कमान असते. या कमानीस मुख्य धारवा टोपी म्हणतात. कारखान्यांत भुजादंडाला क्रँकशाफ्ट व टोपीला मेन कॅप ही नावे रूढ आहेत. शर्यतीसाठी किंवा वाढीव शक्तीसाठी एंजिनाची पुनर्बांधणी करताना मूळ टोप्यांऐवजी अधिक भक्कम टोप्या बसवितात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली.

टोपीची गरज एंजिनाच्या रचनेतून निर्माण होते. जळगाव जिल्ह्यातील जामनेर, पाचोरा यांसारख्या तालुक्यांत विजेचे पंप सर्वत्र पोहोचण्यापूर्वी विहिरींचे पाणी उपसण्यासाठी एकसिलिंडरी डीझेल एंजिने वापरीत. पुणे येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीचे पाच अश्वशक्तीचे, मिनिटास १,५०० फेरे करणारे एंजिन हे त्यांपैकी सुपरिचित होय. अशा एंजिनाच्या भुजादंडाला दोन टोकांनाच आधार पुरतो. त्यामुळे तो बाजूने आत सरकवून टोकाशी धारव्याचे घर बसविता येते व टोपी लागत नाही. चार सिलिंडरांच्या भुजादंडाला मात्र मध्येही आधार द्यावा लागतो. भुजांच्या वळणांमुळे असा दंड बाजूने सरकविणे सामान्यतः शक्य नसते. तो खालून खोबणींत ठेवून टोप्यांनी बंदिस्त करावा लागतो. शेतातील संथ एंजिन आणि रस्त्यावरील वेगवान एंजिन यांच्या दुरुस्तीत जो फरक पडतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

सुरुवातीच्या मोटारगाड्यांत आयझॅक बॅबिट यांच्या १८३९ मधील एकस्वामुळे प्रसिद्ध झालेली पांढरी मऊ मिश्रधातू खोबणीत व टोपीत ओतून ती हाताने खरवडीत आणि भुजादंडाशी जुळवीत. पुढे पातळ पोलादी वाट्यांवर धारवा-धातूचा थर दिलेले तयार धारवे प्रचारात आले. वाटी बदलणे सोपे झाले. तथापि वाटीला स्वतःचा ताठपणा फारसा नसल्याने तिला धरणाऱ्या खोबणीची व टोपीची गोलाई अधिक अचूक असणे आवश्यक ठरले.

महाराष्ट्रात हा विषय ज्या एंजिनाच्या आधारे उत्तम समजतो, ते म्हणजे प्रीमियर पद्मिनी गाडीचे एंजिन होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होई. तिच्या एंजिनाची वंशावळ इटलीतील फियाट कंपनीच्या १९३७ मधील १,०८९ घ. सेंमी. एंजिनापर्यंत पोहोचते. सिलिंडराचा व्यास ६८ मिमी., दट्ट्याची धाव ७५ मिमी. आणि मुख्य धारवे तीन, ही मांडणी कायम राहिली. मूळ एंजिनाची शक्ती ३२ अश्वशक्ती होती. पद्मिनीत ती सु. ४० होती. टॅक्सीच्या सावकाश व सततच्या कामाला तीन धारवे पुरेसे होते.

शक्ती वाढविताच परिस्थिती बदलते. ६८ मिमी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सु. ३६ चौ. सेंमी. असते. ज्वलनाचा कमाल दाब प्रत्येक चौ. सेंमी.ला ५० किग्रॅ. धरल्यास दट्ट्यावर क्षणभर सु. १,८०० किग्रॅ. भार येतो. तो संयोगदांड्यावाटे भुजादंडावर, तेथून टोपीवर आणि टोपीच्या बोल्टांवाटे पुन्हा ठोकळ्यावर जातो. याखेरीज वर-खाली होणाऱ्या भागांचे जडत्वबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटास ४,५०० फेऱ्यांऐवजी ६,००० फेरे केल्यास ते पावणेदोन पटींहून थोडे अधिक होते. बिडाची टोपी अशा भारांखाली किंचित वाकते आणि ठोकळ्यावरील आपल्या बैठकीवर सूक्ष्म अंतराने सरकू लागते. बैठकीवर घासल्याच्या खुणा, वाटीच्या कडांची झीज व वंगणाच्या दाबातील घट ही याची लक्षणे होत. दुर्लक्ष झाल्यास ठोकळ्याला तडा जातो किंवा भुजादंड तुटतो.

या दोषावरील उपायांना अमेरिकेतील शर्यतींमुळे चालना मिळाली. दोन बोल्टांऐवजी चार बोल्टांच्या टोप्या प्रथम शक्तिशाली एंजिनांत आल्या. फोर्ड कंपनीने १९६३ मधील ४२७ घ. इंची एंजिनाच्या मधल्या तीन टोप्यांना ठोकळ्याच्या बाजूंतून आडवे बोल्टही दिले. क्रायस्लर कंपनीच्या १९६४ मधील ४२६ घ. इंची हेमी एंजिनात हीच योजना होती. उभे बोल्ट टोपीला वर आवळून धरतात, तर आडवे बोल्ट तिचे बाजूला सरकणे रोखतात. गोलाकार ग्रॅफाइटाचे बीड १९४८ च्या सुमारास ज्ञात झाल्यानंतर साध्या बिडाऐवजी ते व अखंड पोलाद यांचा टोप्यांसाठी उपयोग होऊ लागला.

भारतात मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत फियाट व स्टँडर्ड हेरल्ड या सर्वसामान्य गाड्या फेरफार करून उतरविल्या जात. त्यांची एंजिने तीन धारव्यांचीच होती. अशा एंजिनात पोलादी टोपीचा लाभ मर्यादित असतो. दोन धारव्यांमधील भुजादंडाचा लांब भाग वेगात लवतो, आणि टोपी कितीही भक्कम असली तरी ते लवणे थांबत नाही. उत्पादकांनी यावर धारव्यांची संख्या वाढविण्याचा मार्ग स्वीकारला. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतील एम. जी. बी. गाडीच्या एंजिनाला १९६४ मध्ये तीनऐवजी पाच मुख्य धारवे देण्यात आले. त्याच मालिकेतील हिंदुस्थान अँबॅसडरचे १,४८९ घ. सेंमी. एंजिन मात्र तीन धारव्यांचे होते.

नव्या टोप्या बसविण्याचे काम सुट्या भागांच्या अदलाबदलीसारखे नसते. मूळ टोप्या ठोकळ्याला आवळूनच सर्व खोबणी एका रेषेत कोरलेल्या असतात; म्हणून प्रत्येक टोपीचा क्रमांक व दिशा ठरलेली असते. नवी टोपी आतून थोडी लहान ठेवतात, ठोकळ्यावरील बैठकीत ती घट्ट बसेल अशी जुळवितात आणि बोल्ट किंवा स्टड ठरलेल्या पिळाने आवळून सर्व खोबणी पुन्हा एकत्र कोरतात. कारखान्यांत यास लाइन बोरिंग म्हणतात. कोरताना धातू शक्यतो टोपीतूनच काढतात. ठोकळ्याच्या बाजूने अधिक धातू निघाल्यास भुजादंड वर सरकतो, झडपांचा कॅमदंड व त्याच्यातील अंतर घटते आणि साखळी सैल पडते. ५० मिमी. व्यासाच्या भुजादंडासाठी वंगणाची मोकळीक सु. ०·०५ मिमी. ठेवतात. एवढ्या सूक्ष्म अंतरात टोप्यांची अदलाबदल किंवा एक उलटी बसविणे खपत नाही. हा नियम शर्यतीच्या गाडीइतकाच तालुक्याच्या गावी उघडलेल्या जीप वा ट्रॅक्टरच्या एंजिनालाही लागू पडतो, आणि तेथे चुकीची किंमत नव्या भुजादंडाच्या रूपाने मालकाला मोजावी लागते.

प्रीमियरच्या १९८५ मधील ११८ एन. ई. गाडीत निस्सानचे १,१७१ घ. सेंमी., पाच धारव्यांचे एंजिन आले. अनेक आधुनिक ॲल्युमिनियमी एंजिनांत सुट्या टोप्यांऐवजी त्या सर्वांना जोडणारी एकसंध चौकट ठोकळ्याखाली बसवितात; म्हणजे शर्यतीत जे आडव्या बोल्टांनी साधले, ते तेथे मूळ रचनेतच साधलेले असते. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. संग्राहकांकडील अशा गाड्यांच्या पुनर्बांधणीत शक्ती माफक ठेवणार असल्यास मूळ टोप्या त्यांच्या मूळ जागी व मूळ क्रमाने बसविणे आणि सर्व खोबणींची सरळ रेषा तपासणे पुरेसे ठरते. शक्ती बरीच वाढवावयाची असल्यास टोपीबरोबर भुजादंड, बोल्ट व ठोकळा यांचाही विचार करावा लागतो, कारण एक भाग भक्कम केल्यावर भार त्याच्यालगतच्या दुर्बल भागावर जातो.