घरच्या घरी वेल्डिंग : टेम्पोच्या हौद्याची डागडुजी शिकताना

पावसाळा सरला की शहरातील लहान मालवाहू टेम्पोंच्या मालकांपुढे एक खर्च हमखास उभा राहतो. हौद्याचा पत्रा जागोजागी सडलेला असतो, फाळक्याची बिजागरी निसटू लागलेली असते आणि चाकावरील मडगार्डला बोट घातले तर आरपार जाते. गॅरेजमध्ये गाडी दोन-तीन दिवस अडकली की तेवढ्या दिवसांचे भाडे बुडते. २००५ मध्ये ‘टाटा एस’ अर्थात ‘छोटा हत्ती’ बाजारात आल्यानंतर स्वतःची गाडी स्वतःच चालविणाऱ्यांचा मोठा वर्ग महाराष्ट्रातील शहरांत तयार झाला. काही हजार रुपयांत मिळणारी इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रे आल्यापासून ही डागडुजी घरीच करावी, असे यांपैकी अनेकांना वाटू लागले आहे.

हे काम घरी शिकता येते. मात्र वेल्डिंगचा जोड बाहेरून पक्का दिसला तरी आतून कच्चा असू शकतो, आणि नवशिक्याची खरी फसगत येथेच होते. त्यामुळे जोड कसा मारावा याइतकेच तो कसा तपासावा आणि कोणत्या भागाला हातच लावू नये, हेही शिकावे लागते.

पत्रा कोठे सडतो?

हौद्याचा पत्रा वरून दिसतो त्यापेक्षा खालून अधिक खराब असतो. पत्रा ज्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे क्रॉस मेंबरवर टेकलेला असतो, तेथे चिखल आणि पाणी साचून राहते. भाजीपाल्याचे पाणी, खताच्या गोण्यांतून सांडलेले क्षार, मासळीच्या गाड्यांमधील खारे पाणी यांमुळे गंज वेगाने वाढतो. कोकण किनारपट्टीवर दमट, खारट हवेची त्यात भर पडते. म्हणून दुरुस्तीपूर्वी संपूर्ण हौदा धुऊन, वाळवून, खालच्या बाजूने हातोडीने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. तो वितळून भोक मात्र मोठे होते.

कोणते वेल्डिंग शिकावे?

घरी शिकण्याजोगे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिला साध्या रॉडचा, म्हणजे आर्क वेल्डिंगचा. रॉडवरील लेप जळून वायूचे व मळीचे आवरण तयार होते आणि वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करते. यंत्र स्वस्त असते, सिलिंडर लागत नाही आणि उघड्यावरही काम करता येते. अडीच मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात १२ गेज म्हणून मिळणारा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो. ६०१३ या वर्गातील रॉड नवशिक्याला सोपा जातो. बिजागरी, अँगल, क्रॉस मेंबर, तीन मिलिमीटर वा त्याहून जाड तळपत्रा यांसाठी ही पद्धत पुरेशी आहे.

दुसरा प्रकार मिग वेल्डिंगचा. कारखान्यांत त्याला ‘सीओटू वेल्डिंग’ असेही म्हणतात. यात बारीक तार यंत्रातून सतत पुढे येते आणि तिच्याभोवती कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गनमिश्रित वायूचे आवरण असते. केबिन, दरवाजे, मडगार्ड यांचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. रॉडने तो चटकन जळून भोक पडते. ०.८ मिलिमीटरच्या तारेचे मिग यंत्र अशा कामाला योग्य. मात्र वाऱ्याची झुळूक आली तरी वायूचे आवरण विस्कटते आणि जोडात छिद्रे राहतात. गॅसविना चालणारी, आत लेपद्रव्य भरलेली तारही मिळते. ती वाऱ्यात बरी चालते, पण ठिणग्या अधिक उडतात आणि जोडावरील मळी काढावी लागते.

विजेचा हिशेब

शंभर अँपिअरवर रॉड चालविताना आर्कपाशी सुमारे २४ व्होल्टचा दाब असतो, म्हणजे जवळपास २.४ किलोवॅट शक्ती. यंत्रातील घट धरता मीटरकडून तीन किलोवॅटच्या आसपास वीज खेचली जाते. साध्या यंत्राचा पॉवर फॅक्टर कमी असल्याने घरातील १६ अँपिअरचा सॉकेट या भाराला काठावरच पुरतो. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर लावल्यास ती तापते आणि आर्कही विझू लागतो. म्हणून घराचा मंजूर वीजभार, वायरिंगची जाडी व अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे आणि यंत्रासाठी स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी व गळती-विद्युत रोधक बसवून घ्यावा.

यंत्रावरील ‘ड्यूटी सायकल’चा आकडाही पाहावा. एखाद्या प्रवाहाला ६० टक्के लिहिले असेल, तर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती, असा त्याचा अर्थ होतो.

सराव : आधी भंगारावर, मग गाडीवर

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) वेल्डर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. घरी शिकणाऱ्याने काही दिवसांत कारागीर होण्याची अपेक्षा ठेवू नये. यंत्र घेण्यापूर्वी एखाद्या अनुभवी कारागिराजवळ उभे राहून, अर्थातच काळी काच लावून, त्याचा हात पाहता आला तर निम्मे काम होते.

सुरुवात पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या भंगार पट्टीवर करावी. काडी ओढल्याप्रमाणे रॉड पट्टीवर घासून आर्क पेटवावा आणि रॉडच्या जाडीएवढेच अंतर राखून सरळ रेघ ओढावी. अंतर बरोबर असेल तर कढईत तळण सोडल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो. अंतर वाढले की आवाज फुटतो आणि ठिणग्या उडतात. कमी झाले की रॉड चिकटतो. नजर झगमगाटावर न ठेवता त्यामागील वितळलेल्या धातूच्या डबक्यावर ठेवावी. हे डबके दोन्ही तुकड्यांत सारखे पसरत आहे की नाही, यावर जोडाचे सारे यश अवलंबून असते.

रेघा सरळ येऊ लागल्या की पट्टीवर पट्टी ठेवून आणि मग काटकोनात उभी करून जोड मारावेत. यानंतरचा टप्पा बहुतेक जण टाळतात, तो म्हणजे जोड मोडून पाहणे. काटकोनातील जोड एकाच बाजूने मारावा, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरावा आणि उभी पट्टी हातोडीने जोडाच्या दिशेने पाडावी. जोड चिवटपणे वाकला तर ठीक. तो पापुद्र्यासारखा सुटला आणि खालच्या पट्टीचा मूळ पृष्ठभाग जसाच्या तसा दिसला, तर धातू आत शिरलेलाच नाही, केवळ वर बसला आहे. आत मळी वा छिद्रे दिसली तरी तो जोड बाद समजावा. असे लागोपाठ दहा जोड पक्के निघेपर्यंत गाडीला हात लावू नये. पातळ पत्र्याचा सराव वेगळा करावा लागतो. जाड पट्टीवरील हात तेथे उपयोगी पडतोच असे नाही.

ठिगळ कसे लावावे?

सडलेला भाग चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापावा. ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचे घ्यावे आणि त्याचे कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. कडेचा रंग, गंज आणि तेल दोन्ही बाजूंनी साफ करावे.

पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग मारले तर तो पापडासारखा वाकतो. एक मीटर लांबीचे पोलाद १०० अंशांनी तापले तर सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते. वेल्डिंगलगतचा पत्रा मात्र कित्येकशे अंश तापतो, आणि भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. म्हणून आधी चार कोपऱ्यांना टाके मारावेत. मग समोरासमोर, दर दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक टाका देत जावे. मागील टाका हाताला सोसवेल इतका थंड होऊ द्यावा आणि मगच शेजारी दुसरा मारावा. पाणी ओतून घाईने थंड करू नये.

टाके एकमेकांना मिळाले की ग्राइंडरने हलके घासावे. जास्त घासल्यास जोडच पातळ होतो. त्यावर झिंकयुक्त प्रायमर, सांध्यांत सीलर आणि मग रंग द्यावा. खालची बाजू विसरली, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा गंज येतो. सडका पत्रा तसाच ठेवून त्यावर लांबी भरणे आणि रंग मारणे ही दुरुस्ती नव्हे. लांबी ओलावा धरते आणि आतला गंज वाढतच राहतो.

ज्याला हात लावू नये

बहुतेक मालवाहू वाहनांची चेसिस दोन लांब पोलादी तुळयांच्या शिडीसारखी असते. सारा भार, खड्ड्यांचे हादरे आणि ब्रेकचा जोर तिच्यावर येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि रोजच्या हादऱ्यांनी नेमका तेथेच तडा जाऊ शकतो. चेसिस, सस्पेन्शनचे कंस, स्टिअरिंग, ब्रेकचे भाग, सीट बेल्टच्या जागा आणि मागील गाडी ओढण्याचा हूक ही कामे घरी शिकलेल्याची नव्हेत. ती उत्पादकाच्या सूचनांनुसार प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावीत.

इंधनाच्या टाकीला वेल्डिंग कधीही करू नये. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज घातक आहे. आत उरलेली वाफ आणि हवा यांचे मिश्रण स्फोटक असते. टायर चढविलेल्या रिमवरही वेल्डिंग करू नये. आतील रबर तापून वायू निर्माण होतात आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. हवा काढून टाकली तरी धोका टळत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ, उघड्या धातूवर लावावा, नाही तर परतीचा प्रवाह बेअरिंग वा वायरिंगमधून वाट काढतो. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘बीएस-६’ मानके लागू झाली. या मानकांच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण अधिक असल्याने कोणते कनेक्टर सोडवावेत हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

डोळे, श्वास आणि आग

आर्कमधील अतिनील किरणांनी डोळ्यांचा पुढील पडदा भाजतो. त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते आणि पाणी वाहते. साधा काळा गॉगल येथे कामाचा नाही. ६० ते १०० अँपिअरच्या कामाला दहा-अकरा क्रमांकाची काच असलेले पूर्ण शिरस्त्राण हवे. मुले व शेजारी पाहत उभे राहणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापला की पांढरा धूर येतो. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी-ताप भरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला. त्यामुळे बंद गाळ्यात वा तळघरातील पार्किंगमध्ये काम करू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने साफ केलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो.

ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जाऊ शकतात. सीटचा फोम, वायरिंग, गोणपाट यांत त्या धुमसत राहतात आणि माणसे निघून गेल्यावर पेट घेतात. काम संपल्यावर किमान अर्धा तास तेथेच थांबावे. वाळूची बादली आणि पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. अंगात सुती कपडे, चामड्याचे हातमोजे व बूट घालावेत. पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटते. ओल्या जमिनीवर किंवा पावसात यंत्र चालू करू नये.

कायद्याची चौकट

जुना पत्रा काढून तसाच नवा बसविणे ही दुरुस्ती होय. मात्र फाळके उंच करून किंवा हौदा लांबवून माल अधिक भरण्याची सोय करणे हा वाहनातील बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या ‘पासिंग’च्या वेळी गाडीची अवस्था पाहिली जाते, हे ध्यानात ठेवूनच कात्री चालवावी.

गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी

- प्रत्येक जोडावरील मळी काढून तडे, छिद्रे आणि न भरलेल्या कडा पाहाव्यात.
- फाळका व बिजागऱ्या वजन देऊन, दहा-वीस वेळा उघडून-मिटून तपासाव्यात.
- खालून जाणारे ब्रेकचे पाइप, इंधनाची नळी व वायरिंग भाजलेले नाही याची खात्री करावी.
- पहिली फेरी कमी मालाची आणि जवळची करावी, आणि परतल्यावर जोड पुन्हा पाहावेत.
- एखाद्या जोडाबद्दल शंका आली, तर तो कापून पुन्हा मारावा. त्यावर केवळ आणखी एक थर चढवू नये.

हौद्याचे ठिगळ चुकले तर एक दिवस आणि थोडा पत्रा वाया जातो. चेसिसचा जोड चुकला तर भरल्या गाडीखाली कोण येईल, हे सांगता येत नाही. घरी वेल्डिंग शिकणाऱ्याने हा फरक पहिल्या दिवशीच मनाशी पक्का करावा.