कर्नल मॉड्यूल उतरवणे

संगणक चालू असतानाच कार्यप्रणालीच्या गाभ्यातून, अर्थात कर्नलमधून, एखादा जोडभाग, म्हणजे मॉड्यूल, काढून टाकण्याची क्रिया. लिनक्समध्ये मॉड्यूलची सोय निदान १९९५ च्या १.२ आवृत्तीपासून तरी आहे. मॉड्यूल चढवणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी उतरवताना लागते.

कर्नल प्रत्येक मॉड्यूलच्या वापराची मोजणी ठेवतो. पेनड्राइव्ह माउंट केलेला असेल तर यूएसबी स्टोरेज मॉड्यूलची मोजणी शून्यावर येत नाही आणि मॉड्यूल उतरवणारी ‘आरएममॉड’ आज्ञा नकार देते. पूर्वी ही मोजणी बहुधा मॉड्यूल स्वतःच वाढवी. त्यात धोका असा, की प्रोसेसर मॉड्यूलच्या कोडमध्ये शिरलेला, मोजणी मात्र अजून वाढलेली नाही, एवढ्या फटीत मॉड्यूल निघून जाई. रस्टी रसेल यांनी २.६ आवृत्तीसाठी (२००३) ही यंत्रणा नव्याने लिहिली. आता बाहेरून हाक मारणारा कोड आधी मॉड्यूल धरतो. मॉड्यूल निघण्याच्या वाटेवर असेल तर त्या कोडला नकार मिळतो.

एवढ्याने भागत नाही. टायमर, इंटरप्ट आणि रांगेतली कामे मॉड्यूलच्या निर्गमन-फलनाने (उतरवताना चालणाऱ्या फलनाने) थांबवावीच लागतात. एक जरी राहिले तर ते मोकळ्या केलेल्या मेमरीत उडी घेते आणि कर्नल कोसळू शकतो. सक्तीने उतरवल्यास कर्नलवर ‘डागाळलेला’ अशी खूण पडते.

उतरवण्याची ही सोय मुख्यतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची. कर्नल बांधतानाच ती वगळताही येते.