पत्त्यावरची शाळा

२००३ सालची गोष्ट. मुलगी चार वर्षांची झाली होती आणि न्यू जर्सीतल्या आमच्या भाड्याच्या अपार्टमेंटचा करार संपत आला होता. "आता घर घेऊन टाकू या," असं बायको म्हणाली आणि दर शनिवारी आम्ही एजंटबाईंच्या गाडीतून घरं बघत हिंडू लागलो. बाई मोठ्या बोलक्या. छप्पर किती वर्षांचं, तळघरात पाणी येतं का, हीटर कधी बदलला, सगळं न विचारता सांगायच्या. तिसऱ्या शनिवारी मी सहज विचारलं, "इथल्या शाळा चांगल्या आहेत का? आणि वस्ती कुठल्या लोकांची आहे?" बाई एकदम गप्प. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते मला सांगता येत नाही. कायदा आडवा येतो. इंटरनेटवर आकडे असतात, तुमचे तुम्ही बघा."

मला वाटलं, बाई काहीतरी लपवताहेत. त्या गप्प का झाल्या हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली.

पण आधी तुम्हाला हे सांगायला हवं की घर घेताना शाळेची चौकशी कशाला. आपल्याकडे घर एकीकडे, शाळा दुसरीकडे. मी डोंबिवलीत वाढलो. चांगल्या शाळेत नाव घालायचं म्हणजे फॉर्मसाठी पहाटेपासून रांग, कुणाची तरी ओळख, कधी देणगी. एकदा प्रवेश मिळाला की पोरगं रिक्षात कोंबून कितीही लांब पाठवायला आईबाप तयार. इथे सरकारी शाळा फुकट, आणि प्रवेश कुणी नाकारत नाही. अट एकच, तुमचं घर त्या शाळेच्या हद्दीत हवं. या हद्दीला म्हणतात स्कूल डिस्ट्रिक्ट. न्यू जर्सी हे राज्य महाराष्ट्राच्या साधारण चौदाव्या हिश्श्याएवढं, पण त्यात असे जवळपास सहाशे डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं मंडळ वेगळं, आणि शाळेच्या खर्चाचा मोठा भाग येतो तो त्या त्या गावाच्या घरपट्टीतून.

आता या गणिताची गंमत बघा. घरं महाग, म्हणून घरपट्टी भरपूर, म्हणून शाळेकडे पैसा. शाळा चांगली, म्हणून घराला गिऱ्हाईक, म्हणून घरं आणखी महाग. आम्ही इंजिनिअर लोक याला पॉझिटिव्ह फीडबॅक लूप म्हणतो. हद्दीच्या पलीकडे तोच लूप उलटा फिरतो. आम्ही एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन घरं पाहिली होती. तेवढ्याच खोल्या, तेवढंच अंगण. पण रस्ता ही दोन डिस्ट्रिक्टची हद्द होती आणि किमतीत तब्बल साठ हजार डॉलरचा फरक होता. आम्ही महागातलं घेतलं. हप्ता पगाराला झेपेना, म्हणून दोन वर्षं हॉलमध्ये सोफा आला नाही. मुलीसाठी केलं, असं सगळ्यांना अभिमानानं सांगत होतो.

पुढे लायब्ररीतून या उपनगरांच्या इतिहासाची पुस्तकं आणून वाचू लागलो आणि तो अभिमान जरा अडचणीत आला.

१९३० च्या दशकातली मंदी. लाखो लोकांची घरकर्जं थकली होती. रूझवेल्ट सरकारनं १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं आणि थकलेली कर्जं नव्या, लांब मुदतीच्या हप्त्यांवर बांधून दिली. काम चांगलंच होतं. पण पैसा कुठे सुरक्षित राहील हे ठरवायला या संस्थेनं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनवले. उत्तम वस्ती हिरवी, बरी ती निळी, उतरणीला लागलेली पिवळी आणि धोक्याची लाल. ज्या वस्तीत काळे लोक राहत ती बहुतेक लालच. इमारती धड असल्या तरी. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन आलं. ते बँकांच्या गृहकर्जांना हमी देई. या हमीमुळेच साध्या कामगाराला थोडी रक्कम भरून स्वतःचं घर घेता येऊ लागलं. त्यांच्या तपासनिसांसाठी एक नियमपुस्तिका होती. वस्तीत वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ नसावी असं तर तिच्यात होतंच, पण शाळेचाही उल्लेख होता. मुलांना 'विजोड' वंशाची मुलं बरीच असलेल्या शाळेत जावं लागत असेल तर ती वस्ती कमी प्रतीची समजावी, असा तिचा आशय. म्हणजे शाळा बघून घराची किंमत ठरवायची रीत नुसती एजंटांची किंवा आपल्यासारख्या आईबापांची नाही. ती सरकारी पुस्तिकेत छापलेली होती.

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, आणि १९४७ मध्ये विल्यम लेव्हिट या बिल्डरनं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत घरं उभारायला घेतली. कारखान्यात मोटार पट्ट्यावरून पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतात. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या सरकत जायच्या. एक टोळी फक्त पाया घालणार, दुसरी फक्त रंग देणार. काही वर्षांत सतरा हजारांवर घरं झाली. वाचताना माझ्यातला इंजिनिअर खूष झाला. पण सुरुवातीच्या भाडेकरारात एक कलम होतं. या घरात कॉकेशियन वंशाच्या माणसांखेरीज कुणी राहायचं नाही, घरकामाचा नोकर असेल तर चालेल. अशा अटी कोर्टानं अंमलात आणू नयेत असा निकाल १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिला. कलम गेलं, रीत राहिली.

लेव्हिटचं तिसरं गाव आमच्या न्यू जर्सीत, १९५८ सालचं. तिथे विली जेम्स नावाचे काळे लष्करी अधिकारी घर घ्यायला गेले तेव्हा त्यांना नकार मिळाला. त्यांनी तक्रार केली आणि प्रकरण कोर्टात गेलं. सरकारी हमीच्या कर्जावर घरं विकता, तर गिऱ्हाईक रंगावरून निवडता येणार नाही, असं राज्याच्या सुप्रीम कोर्टानं १९६० मध्ये ठरवलं. ते गाव आज विलिंगबरो म्हणून ओळखलं जातं.

हे वाचताना मनात येत होतं की हा गोऱ्या-काळ्यांचा मामला, आपण तर फार नंतर आलो. मग वैष्णोदास बगाई यांची हकीकत वाचनात आली.

बगाई पेशावरचे. पत्नी कला आणि तीन मुलगे यांना घेऊन १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. गाठीशी पैसा होता, इंग्रजी उत्तम होतं. त्यांनी बर्कलीला घर विकत घेतलं. सामान लादून राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलं होतं. बगाई पत्नीला म्हणाले, इथे राहायचं नाही, ही माणसं मुलांना त्रास देतील. आल्या पावली कुटुंब परत फिरलं. पुढे १९२१ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. पण १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिक होता येत नाही. आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घेतली जाऊ लागली. कॅलिफोर्नियात अशा परक्यांना जमीनजुमला घेता येत नसे, त्यामुळे बगाईंचं होतं नव्हतं ते गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कलाबाईंनी मुलं वाढवली. २०२० मध्ये बर्कली शहरानं एका रस्त्याला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं, ज्या शहरात त्यांना स्वतःच्या घरात पाऊल टाकता आलं नव्हतं.

थिंड यांच्या खटल्यातली एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, सज्जन होते, त्यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. पण त्यांच्या बाजूनं मुद्दा काय मांडला होता? नागरिकत्व फक्त गोऱ्यांना देणं चूक आहे, असा नव्हे. आम्ही उच्च जातीचे, आर्य वंशाचे, खालच्यांत न मिसळलेले, म्हणून आम्हीही गोरेच, असा. म्हणजे रेघ चुकीची नाही, फक्त मला तिच्या आत धरा. पंडित लोक तुम्हाला कॉकेशियन म्हणत असतील, सामान्य माणूस तसं मानत नाही, असं म्हणून कोर्टानं तो मुद्दा फेटाळला.

भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला १९४६ मध्ये, आणि तोही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं. मतदानाच्या हक्काचा कायदा त्याच वर्षीचा, आणि दोन्हींमागे नागरी हक्कांच्या चळवळीची हवा होती. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात घरविक्रीत भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. वंश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदा ठरलं. आमच्या एजंटबाई गप्प का झाल्या, त्याचं उत्तर हे. शाळा आणि वस्ती असे दोन प्रश्न मी एका दमात विचारले होते आणि त्या दोन्हींच्या पोटात काय असतं ते बाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याच कायद्यामुळे मला ते घर नाकारता आलं नाही. त्यासाठी मार खाल्ला तो दुसऱ्यांनी.

मग रेघ पुसली गेली का? नाही, जागा बदलली. १९७४ मध्ये डेट्रॉईटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शहरातल्या शाळांतला भेदभाव मोडायला उपनगरांचे डिस्ट्रिक्ट सक्तीनं जोडता येणार नाहीत, त्यांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याशिवाय. म्हणजे हद्दीबाहेर राहायला गेलं की प्रश्न मिटला. आणि हद्दीत कोण येणार हे ठरवायला वंशाचं नाव घ्यायची गरज उरली नाही. प्रत्येक घराला किमान अर्धा एकर जागा हवी, एवढा नियम गावानं केला की काम झालं.

या नियमांविरुद्धचा सर्वांत गाजलेला लढा आमच्याच राज्यातला. माउंट लॉरेल गावात एथेल लॉरेन्स नावाच्या काळ्या बाई होत्या. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या त्याच गावात गेलेल्या. शेतं जाऊन बंगले आले, तशी त्यांच्या मुलाबाळांना तिथे राहणं परवडेना. स्वस्त घरांची योजना गावानं नाकारली. त्या कोर्टात गेल्या, आणि १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की प्रत्येक वाढत्या गावानं कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आपल्या वाट्याची जागा ठेवलीच पाहिजे. गावं अडून बसली, १९८३ मध्ये कोर्टाला पुन्हा कान उपटावे लागले. एथेलबाई १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची घरं उभी राहिली २००० साली.

२०२४ मध्ये राज्यानं या वाट्याचा नवा कायदा केला आणि २०२५ च्या वसंतात प्रश्न आमच्या टाऊनशिपच्या सभागृहात आला. चारशे पावलांवरच्या रिकाम्या जागेत स्वस्त भाड्याची घरं बांधायची योजना होती. सभागृह गच्च भरलेलं, त्यात निम्मे आपले लोक. एकामागून एक उठून बोलत होते. वाहतूक वाढेल. गटारं पुरणार नाहीत. शाळेचा दर्जा उतरेल. आमच्या दिवाळीच्या फराळाला येणारे एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही कष्ट करून इथवर आलो, त्यांनीही करावेत." टाळ्या पडल्या. मग एक वयस्क बाई माइकपाशी आल्या. मी त्यांना लगेच ओळखलं. बालवर्गात मदतनीस होत्या, माझ्या मुलीला बुटांची नाडी त्यांनी बांधायला शिकवली. म्हणाल्या, "मी या शाळेत तेवीस वर्षं काम करते. रोज पन्नास मिनिटं गाडी चालवत येते. या गावात राहणं मला कधी परवडलं नाही." एवढंच बोलून खाली बसल्या. सभागृहात खोकल्याचे आवाज तेवढे येत होते. मी हात वर केला नाही. घराची किंमत डोक्यात होती, खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर मुलीला फोन केला. तिला ती बाई आठवत होती. "बाबा, मग तू काय बोललास?" तिनं विचारलं. मी विषय बदलला.

पुढच्या बैठकीला मात्र गेलो. तीन मिनिटं मिळतात. इतक्या वर्षांनंतरही माझं इंग्रजी अशा वेळी अडखळतं, तसं ते अडखळलं. बगाईंच्या घराच्या कुलपाची गोष्ट सांगितली आणि योजनेच्या बाजूनं आहे असं म्हणून बसलो. टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. फराळाला येणारे गृहस्थ हल्ली लांबूनच मान हलवतात.

तुमच्यापैकी कुणी उद्या इकडे येऊन विचारलंत, की मुलांसाठी कुठलं गाव निवडावं, तर मी चांगल्या शाळेचंच गाव सांगेन. पुन्हा वेळ आली तर मीही तेच घर घेईन. आपल्या मुलाचं भलं बघण्यात चोरी नाही. फक्त घर घेताना मी छप्पर तपासलं, तळघर तपासलं, हद्दीची ती रेघ कुणी आणि कशी ओढली ते तपासलं नाही. तेवढं तुम्ही तपासा.