चिलटाचे पंख आणि मेंदूतील चुना

सुरतेजवळच्या कडोदऱ्यासारख्या गावी फळांच्या गाडीवर केळी जास्त पिकली, की त्यांच्याभोवती चिलटे जमतात. फळवाला ती फडक्याने हाकलतो. परंतु याच क्षुद्र जीवाने मेंदूचे एक गूढ उकलण्यास मोठा हातभार लावला आहे.

कॅल्शियम म्हणजे हाडांतील चुना, अशीच एके काळी समजूत होती. 1883 साली लंडनच्या सिडनी रिंगर या वैद्याने तिला धक्का दिला. बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत राहिले होते. पण ते द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचाच तो प्रभाव होता.

पुढे मज्जापेशींतही त्याचे कार्य आढळले. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट अधिक असते. त्यामुळे आत थोडीशी वाढ झाली, तरी ती निरोप ठरते. 1960 नंतरच्या दशकात बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी दाखविले, की तंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरल्याखेरीज पुढील पेशीस संदेश पोहोचत नाही. शिवाय पेशीच्या पोटातही कॅल्शियमची कोठारे असतात. 'आयपी-थ्री' नावाचा लहानसा रेणू त्यांचे कुलूप उघडतो, हे 1983 साली मायकेल बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

या कुलपाचा शोध आपल्या देशातही चालला. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी 1962 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे तेथे चिलटांवर संशोधन होऊ लागले. याच परंपरेतील गैती हसन यांनी मायकेल रोझबाश यांच्यासह 1992 साली चिलटातील या कुलपाचे जनुक ओळखले. 2004 साली बंगळूरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की हे जनुक बिघडलेल्या चिलटांना पंख असूनही उडता येत नाही. निवडक मज्जापेशींत निर्दोष जनुक पुरविताच उड्डाणशक्ती परतली. दोष मज्जापेशींतील निरोपात होता.

ही गोष्ट चिलटापुरती नाही. याच जनुकाचे मानवी रूप बिघडले, की चालताना तोल जातो व बोलणे अडखळते, असे 2007 साली काही कुटुंबांत आढळले. त्या व्याधीवर मुळापासून उपाय अद्याप सापडलेला नाही. तो शोधणाऱ्यांना, फळवाला हाकलतो त्या जीवाचाच आधार आहे.