बँक (इंग्रजी शब्द)
बँक हा इंग्रजी भाषेतील अनेकार्थी शब्द आहे. पैशाचे व्यवहार करणारी संस्था आणि नदीचा काठ हे त्याचे दोन प्रमुख अर्थ होत. त्यांपैकी काठ हा अर्थ जुना असून तो मध्ययुगात स्कँडिनेव्हियन भाषांतून इंग्रजीत आला. वळताना विमान एका बाजूला कलते, त्या क्रियेचे नावही उताराच्या याच कल्पनेवरून पडले.

आर्थिक अर्थाचा उगम इटालियन ‘बांका’ म्हणजे बाक या शब्दात आहे. इटलीतील सराफ बाकावर नाणी मांडून ती बदलून देत. तेथून हा शब्द १५व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोहोचला. दिवाळखोर या अर्थाचा ‘बँकरप्ट’ हा शब्दही ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडलेला बाक, यावरून आला. दिवाळे निघालेल्या सराफाचा बाक खरोखरच फोडला जाई, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला भक्कम आधार नाही.

शब्दकोशांत या दोन अर्थांच्या नोंदी स्वतंत्र असतात. तथापि ‘बांका’ हा शब्दही मूळचा जर्मानिक असल्याने दोन्ही शब्द दूरचे भाऊबंद ठरतात. मराठीतील ‘बाक’ (जुने रूप ‘बांक’) याच कुळातील पोर्तुगीज शब्दावरून आला आहे.