साम्य आणि संबंध : ॲलिस ल प्लाँजाँ यांचे युकातानविषयक लेखन

माया अवशेषांवरील एकोणिसाव्या शतकातील प्रवासलेखनाची चर्चा बहुधा जॉन लॉइड स्टीफन्स यांच्या 1841 व 1843 मधील ग्रंथांपाशी थांबते. त्यानंतर तीन दशकांनी, 1873 मध्ये, मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पात आलेल्या लंडनच्या ॲलिस डिक्सन ल प्लाँजाँ (1851-1910) साहित्येतिहासात मात्र उपेक्षितच राहिल्या.

पती ऑगस्टस यांच्यासह त्यांनी चिचेन इत्सा व उश्माल येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. 1847 मध्ये सुरू झालेला माया जमातींचा उठाव शमलेला नसल्याने चिचेन इत्सातील काम सैनिकांच्या पहाऱ्यात चाले. तेथे 1875 मध्ये उत्खननात मिळालेल्या अर्धशायी पाषाणमूर्तीला ऑगस्टस यांनी दिलेले ‘चाकमूल’ हे नाव आजही रूढ आहे. ज्या कथेतून ते आले, ती कथा मात्र टिकली नाही. माया राणी मो हिने इजिप्तमध्ये आश्रय घेतला, असे प्रतिपादन ऑगस्टस यांनी 1896 मध्ये केले. ॲलिस यांनी 1902 मध्ये त्याच कथेवर दीर्घकाव्य रचले.

या प्रतिपादनाचा मूलभूत दोष पद्धतीचा आहे. दोन संस्कृतींतील चिन्हांमध्ये साम्य दिसताच त्यांच्यात ऐतिहासिक संबंध असल्याचे गृहीत धरले गेले. माया लिपीतील ध्वनिचिन्हांच्या उलगड्याला युरी क्नोरोझोव्ह यांनी 1952 मध्ये दिशा दिली. तत्पूर्वी शिलालेखांच्या मौनात कल्पनेला मोकळे रान होते.

याउलट, 1886 मधील ‘हिअर अँड देअर इन युकातान’ या स्फुटलेखसंग्रहात ॲलिस यांची दृष्टी समकालीन माया समाजाकडे वळते. त्यांनी माया भाषा आत्मसात केली होती. त्यामुळे अवशेषांच्या परिसरात राहणारी माणसे, त्यांचे आचार व समजुती लेखनविषय होतात. या संग्रहातील माया माणूस लुप्त वैभवाचा मूक साक्षीदार नसून बोलणारा समकालीन आहे.

एकाच लेखिकेच्या ठायी या दोन दृष्टी नांदतात, म्हणून सिद्धान्ताबरोबर तिचे सारे लेखन त्याज्य ठरवणे न्याय्य नाही. लॉरेन्स डेस्मंड यांच्या 2009 मधील चरित्राने या पुनर्विचाराला आधार दिला. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने ॲलिस यांचे लेखन दुहेरी महत्त्वाचे ठरते : साम्य हा संबंधाचा पुरावा नव्हे, हे त्यांचे काव्य दाखवते; आणि तुलनेपूर्वी भाषा शिकून ऐकावे लागते, याची साक्ष त्यांचे गद्य देते.